पुढच्या ॲक्सलची गळती: दोनदा सील बदलूनही तेल का थांबलं नाही

पार्श्वभूमी

ट्रॅक्टर लहान, सत्तावीस अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा, फोर-व्हील ड्राइव्ह. मीटरवर साधारण २,१०० तास. त्याचं निम्मं काम बागेत गवत कापण्याचं, उरलेलं ओल्या जमिनीत रोटाव्हेटर चालवण्याचं, आणि या दोन कामांच्या मधे डांबरी रस्त्यावरून रोजची ये-जा. मालक अनुभवी आणि गाडीला जपणारे. इंजिनचं तेल, फिल्टर, ग्रीस यांची वेळ त्यांनी कधी चुकवलेली नाही. त्यांची ओळख आणि ट्रॅक्टरची कंपनी मी इथे मुद्दाम लिहीत नाही.

या ॲक्सलची रचना आधी डोळ्यांसमोर आणावी लागेल, नाहीतर पुढचं समजणार नाही. गिअरबॉक्समधून एक लांब शाफ्ट पुढे येतो आणि ॲक्सलच्या मधोमध असलेल्या, दोन्ही चाकांना गती वाटून देणाऱ्या डिफरन्शियलला फिरवतो. तिथून दोन हाफ शाफ्ट डाव्या-उजव्या टोकांना जातात. टोकाला बेव्हल गिअरची एक जोडी ती गती खाली वळवते, एक उभा शाफ्ट ती तळापर्यंत नेतो आणि तिथली बेव्हल गिअरची दुसरी जोडी ती पुन्हा आडवी करून चाकाला देते. स्टिअरिंग फिरवलं की खालचा गिअरचा डबा चाकासकट त्या उभ्या शाफ्टभोवती वळतो. त्यामुळे चाक कितीही वळलं तरी युनिव्हर्सल जॉइंट लागत नाही आणि ॲक्सलखाली उंचीही चांगली मिळते. मात्र तेल अडवून धरायच्या जागा वाढतात: पिनियनचं (डिफरन्शियल फिरवणाऱ्या लहान गिअरचं) सील, दोन्ही टोकांना वळणाऱ्या सांध्याचं मोठं सील, दोन्ही हबची (चाक ज्यावर बसतं त्या भागाची) सील, झाकणांच्या ओ-रिंग, ड्रेन प्लग.

या मॉडेलमध्ये हे सगळं तेल एकाच सामाईक पोकळीत असतं. मॅन्युअलप्रमाणे साडेचार लिटर. ॲक्सलच्या पाठीवर अंगठ्याएवढी एक टोपी असते, तिला ब्रीदर म्हणतात. आतली हवा तापली की बाहेर जायला आणि निवली की आत यायला तेवढी एकच वाट. या प्रकरणाचा अर्धा भाग त्या टोपीचा आहे, आणि मी तिच्याकडे सर्वांत शेवटी पाहिलं.

अडचण

सुरुवात नेहमीसारखीच झाली. डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला, रिमवर, धूळ बसून काळपट झालेला तेलाचा ओघळ दिसला. मालकांनी जवळच्या मेकॅनिककडून हबचं सील बदलून घेतलं. साधारण चाळीस तासांच्या कामानंतर रिम पुन्हा ओली झाली. मग ट्रॅक्टर माझ्याकडे आला. आधीचं सील हलक्या प्रतीचं असेल, असं मी गृहीत धरलं, चांगल्या प्रतीचं सील मागवलं, नीट बसवलं आणि ट्रॅक्टर परत पाठवला. साठ तासांनी तो पुन्हा माझ्या दारात उभा होता.

मालक रागावले नव्हते. ते एवढंच म्हणाले, "दोनदा सील बदललं. आता तिसऱ्यांदाही सीलच बदलणार, की सील का जातंय ते बघणार?"

मी म्हटलं, "काका, यावेळी आधी बघू. पाना नंतर."

मधल्या काळात त्यांनी तेल कमी पडू नये म्हणून दर आठवड्याला अंदाजाने थोडंथोडं भरलं होतं. किती भरलं याची नोंद नव्हती. पातळी तपासली होती, पण ट्रॅक्टर कधी उतारावर उभा, कधी नुकताच बंद केलेला. त्यांनी हे काळजीपोटी केलं होतं आणि त्यानेच गळती वाढली होती. हे मला नंतर कळलं.

निदान

ओल्या, चिखल बसलेल्या ॲक्सलकडे पाहून गळतीची जागा सांगता येत नाही. तेल वरून निघतं, डब्यावरून ओघळतं, चाक फिरलं की रिमवर उडतं, आणि आपण सर्वांत ओली जागा हीच गळती समजतो. दोन्ही वेळा हीच चूक झाली होती, दुसऱ्यांदा माझ्याकडून. गळती शोधताना सर्वांत ओली नव्हे, सर्वांत वरची ओली जागा शोधावी लागते.

म्हणून दोन्ही चाकं काढली आणि अख्खा ॲक्सल डिझेल आणि ब्रशने धुतला, कोरडा पुसला. सगळ्या सांध्यांवर टाल्कम पावडरचा पातळ थर मारला. चाकं परत लावून ट्रॅक्टर अर्धा तास चालवला. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवत, थोडा भार देत. परत आल्यावर टॉर्चच्या उजेडात पावडर पाहिली. डाव्या हबभोवती ती भिजली होती, अपेक्षेप्रमाणे. पण हबच्या बऱ्याच वर, जिथे वरचा डबा खालच्या डब्यात शिरतो त्या वळणाऱ्या सांध्यावरही एक ओलं कडं उमटलं होतं. म्हणजे गळती दोन ठिकाणांहून होती. वरची आजवर कुणाच्या लक्षातच आली नव्हती, कारण तिचं तेल खालच्या तेलात मिसळून जात होतं.

स्टिअरिंगच्या सिलिंडरची शंकाही इथेच मिटवून घेतली. त्याच्या रॉडच्या सीलमधून तेल गळलं तर ते याच वाटेने खाली उतरतं आणि माणूस विनाकारण ॲक्सल उघडतो. या ट्रॅक्टरच्या ॲक्सलमध्ये ८०डब्ल्यू-९० प्रतीचं गिअर ऑइल होतं. जाड, आणि गंधकाच्या संयुगांमुळे उग्र वासाचं. स्टिअरिंगचं तेल पातळ आणि जवळपास बिनवासाचं. बोटावर घेऊन चोळलं, वास घेतला, फरक लगेच कळला. अर्थात काही लहान ट्रॅक्टरांत ॲक्सलमध्येही गिअरबॉक्सचंच हायड्रॉलिक तेल भरतात. तिथे ही परीक्षा उपयोगाची नाही. सिलिंडरचा रॉड पुसून, स्टिअरिंग चालवून पाहणं हाच उपाय.

मग चाक जॅकवर उचललं, वरून-खालून धरून हलवलं. हाताला स्पष्ट प्ले जाणवला. हबचं बेअरिंग सैल झालं होतं. बेअरिंग सैल असेल तर शाफ्ट सीलच्या मध्यावर फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो सीलच्या ओठाची, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या रबरी कडेची, एक बाजू दाबतो आणि दुसरी मोकळी सोडतो. अशा शाफ्टवर कितीही चांगलं सील टिकत नाही. ही तपासणी दोन मिनिटांची आहे. दुसऱ्या वेळी मी ती केली नव्हती.

सगळ्यात शेवटी ब्रीदर. पान्याने फिरवून टोपी काढली. आत सुकलेल्या चिखलाचा आणि गवताच्या भुशाचा इतका घट्ट गोळा होता की तार घालूनही आरपार गेली नाही. टोपी सुटली तेव्हा फुस्स असा आवाजही आला. ॲक्सल तासभर निवलेला होता, तरीही.

त्या आवाजाचा अर्थ आकड्यांत मांडून पाहिला. बंद पोकळीतली हवा २० अंशांवरून ७० अंश सेल्सिअसला तापली, तर केवळ तापण्यामुळे तिचा दाब सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो. पण तेलही फुगतं. दर अंशाला साधारण ०.०७ टक्के या हिशोबाने साडेचार लिटर तेल ५० अंश तापलं की जवळपास १६० मिली वाढतं. वर समजा एक लिटर हवेची जागा असेल, तर ती तेवढी आकसते आणि एकूण दाब मूळच्या सुमारे १.४ पट होतो. आता त्याच पोकळीत तेल ५.२ लिटर भरलं आहे असं धरा. वर हवेला ३०० मिलीच जागा उरते, आणि फुगणारं तेल त्यातली १८० मिली व्यापून टाकतं. कागदावर दाब जवळपास तिप्पट येतो. प्रत्यक्षात तो तिथवर पोहोचतच नाही, कारण त्याच्या कितीतरी आधी सीलचा ओठ उचलला जातो आणि तेल बाहेर पडतं. साधं ओठाचं सील जवळपास दाब नसलेल्या जागेसाठी बनवलेलं असतं.

ब्रीदर बंद आणि तेल जास्त, ही जोडी म्हणूनच इतकी वाईट. गळती दिसली की माणूस तेल भरतो, तेल भरलं की हवेची जागा घटते, जागा घटली की दाब वाढतो आणि गळती वाढते.

उलट दिशेनेही नुकसान होतं. तापलेला ॲक्सल पाण्यात किंवा थंड चिखलात शिरला की आतली हवा झटकन आकसते. ब्रीदरमधून हवा आत येऊ शकत नाही, म्हणून पोकळी सीलच्या ओठातून बाहेरचं पाणी ओढून घेते. हे झालं होतं की नाही, ते ड्रेन प्लग उघडल्यावरच कळणार होतं.

आणखी एक गोष्ट मालकांशी बोलताना निघाली. फोर-व्हील ड्राइव्हचा दांडा ते कधीच सोडवत नव्हते, डांबरी रस्त्यावरही नाही. अशा ट्रॅक्टरांत पुढची चाकं मागच्यांपेक्षा काही टक्के जास्त वेगाने फिरतील असं गिअरचं प्रमाण ठेवलेलं असतं. मऊ जमिनीत तो फरक घसरणीत जिरतो. कठीण रस्त्यावर घसरायला वाव नसतो, मग तो ताण गिअर आणि शाफ्टमध्ये साठतो, टायर झिजतात आणि ॲक्सल तापतो. दाब वाढायला हवी ती उष्णता रोज इथूनच मिळत होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, हबचं सील पुन्हा बदलायचं, यावेळी ब्रीदर साफ करून. खर्च कमी, काम अर्ध्या दिवसाचं. पण सैल बेअरिंग आणि वरच्या सांध्याची गळती तशीच राहिली असती. माझ्या मते हा पर्याय प्लेच्या तपासणीनंतर उरलाच नव्हता.

दुसरा पर्याय मालकांना कुणीतरी सुचवला होता: तेलाऐवजी डब्यात ग्रीस भरा, गळायचं थांबेल. गळायचं कदाचित कमी झालंही असतं. पण या ॲक्सलचे गिअर तेलात बुडून, तेल उडवत चालण्यासाठी घडवले आहेत. ग्रीस गिअरच्या दातांनी एकदा बाजूला सारलं की तिथे परत वाहून येत नाही. वरच्या बेव्हल गिअरपर्यंत आणि बेअरिंगपर्यंत ते पोहोचणार नाही. सीलची गळती लपवण्यासाठी गिअर जाळणं मला मान्य नव्हतं आणि मी ते तसंच सांगितलं. गळती बंद करणारं म्हणून मिळणारं रसायनही याच कारणाने बाजूला ठेवलं. कडक झालेला रबर ते थोडा फुगवू शकतं, पण सैल बेअरिंगला ते काहीच करू शकत नाही.

तिसरा, हंगाम संपेपर्यंत पुढची ड्राइव्ह सोडवून काम चालवायचं. हा विचार मालकांचा आणि वरवर बरोबर वाटणारा. पण ड्राइव्ह सोडवली तरी जमिनीवर फिरणारी चाकं हबचं बेअरिंग, बेव्हल गिअर आणि उभा शाफ्ट फिरवतच राहतात. भार कमी होतो, झीज थांबत नाही. दूषित तेलात तर नाहीच.

चौथा, डावं टोक पूर्ण उघडायचं: हबची आणि सांध्याची सील, सगळ्या ओ-रिंग, संशयित बेअरिंग, शाफ्टच्या पृष्ठभागाची तपासणी, नवा ब्रीदर.

पाचवा, अख्खा ॲक्सल उतरवून दोन्ही टोकं आणि डिफरन्शियल नवं करायचं. वापरलेला दुसरा ॲक्सल शोधायचा, हाही त्याचाच एक फाटा. मात्र दुसरा ॲक्सल बसवताना त्याचं गिअरचं प्रमाण आणि टायरचा आकार मागच्या चाकांशी अचूक जुळावा लागतो. दिसायला सारखा ॲक्सल आतून वेगळ्या प्रमाणाचा असू शकतो, आणि मग तो गिअरबॉक्सलाच मोडतो.

निर्णय चौथ्यावर झाला, एका अटीसह: तेल काढल्यावर त्यात धातूचे तुकडे दिसले तर पाचव्याकडे वळायचं. उजव्या टोकाचं काय, यावर बराच वेळ बोललो. तासही तेवढेच, चिखलही तोच, दाबही तोच. पण उजवी बाजू पावडरच्या चाचणीत कोरडी होती आणि चाकाला प्ले नव्हता. कोरडं टोक उघडू नये, असं माझं मत पडलं. मालकांनी ते मानलं. या निर्णयाकडे मी पुढे परत येणार आहे.

काम

हा ॲक्सल मधल्या पिनवर झुलतो. म्हणून एक बाजू उचलली की ट्रॅक्टरचं पुढचं धड दुसरीकडे कलू शकतं. आधी सपाट फरशीवर उभा करून हँडब्रेक लावला, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे दिले, आणि ॲक्सल व चेसिस यांच्यामधे दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी घट्ट ठोकल्या. चाकाचे नट जमिनीवर असतानाच सैल केले. नंतर जॅक, आणि वजन जॅकवर न ठेवता लोखंडी घोडीवर. नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रॅक्टरखाली मी हातही घालत नाही.

ड्रेन प्लग तीन: दोन टोकांना एकेक, मधे एक. तिन्ही उघडले, वरचा भरण्याचा प्लगही काढला, म्हणजे हवा जाऊन तेल पूर्ण उतरतं. निघालेलं तेल मोजलं: ५.२ लिटर. आठवडेच्या आठवडे गळत असलेल्या ॲक्सलमधून ठरलेल्या मापापेक्षा सात डेसिलिटर जास्त! रंग दुधाळ, म्हणजे पाणी मिसळलेलं. हे तेल झाकणाच्या डब्यात भरून वेगळं ठेवलं, जमिनीवर सांडू दिलं नाही. प्लगवरच्या चुंबकाला करडी, मऊ पेस्ट चिकटली होती. ती नेहमीच्या झिजेची. कण किंवा तुकडे नव्हते. चौथा पर्याय कायम राहिला.

चाक काढल्यावर हबच्या मागे, सीलला लागून, प्लॅस्टिकच्या सुतळीचे वेढे दिसले. उष्णतेने वितळून त्यांचं कडक कडं झालं होतं आणि त्याने सीलची बाहेरची धूळ-कड कापली होती. बागेत बांधणीची सुतळी गवतात पडते आणि चाक ती गुंडाळून घेतं. दुसऱ्या वेळी मी सील बदललं तेव्हा तिथे काही नव्हतं, म्हणजे हे साठ तासांतलं काम.

स्टिअरिंगचा टाय रॉड सोडवताना नट पूर्ण न काढता आट्याच्या टोकाशी ठेवला आणि सांध्याच्या बाजूला हातोड्याचा एक ठोका दिला. आट्यांवर ठोकलं तर नट पुन्हा चढत नाही. खालचा डबा उतरवला, बोल्ट निघाले त्याच क्रमाने पुठ्ठ्यावर टोचून ठेवले, कारण त्यांची लांबी सारखी नव्हती. शिम जिथून निघाले त्या जागेच्या नावाने वेगवेगळ्या पुड्यांत बांधले. बेव्हल गिअर एकमेकांत किती खोल बसतात हे त्या पातळ पत्र्यांवर ठरतं.

हबचं बेअरिंग हातात घेऊन फिरवलं, खरखर लागली. आतल्या रेसवर, म्हणजे बेअरिंगच्या आतल्या कड्यावर, गंजाचे ठिपके होते. पाणी शिरल्याचा हा दुसरा पुरावा. हबची दोन्ही बेअरिंग बदलायची ठरली.

आता शाफ्ट. ज्या जागी सीलचा ओठ घासतो तिथे नख आडवं फिरवलं आणि ते अडकलं. दोन हजार तासांत ओठ आणि त्यात अडकलेली बारीक माती यांनी लोखंडात एक गोल चर पाडली होती. नव्या सीलचा ओठ बरोबर त्याच चरीत बसत होता. या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय इथेच घ्यायचा होता, आणि वाटा तीन होत्या.

नवा शाफ्ट सर्वांत चांगला, पण त्याच्यासोबत जोडीचा गिअर बदलायचा का, हा प्रश्न येतो, आणि खर्च एकदम चढतो. सील एक-दोन मिलिमीटर बाहेर सरकवून बसवणं सर्वांत स्वस्त. ओठ चरीऐवजी कोऱ्या जागेवर येतो. मी मोजून पाहिलं. सील तेवढं बाहेर आणलं तर हबची धूळ-टोपी त्याला घासत होती. काही ॲक्सलमध्ये ही युक्ती छान चालते, इथे जागा नव्हती. तिसरी वाट शाफ्टवर चढवायच्या पातळ पोलादी स्लीव्हची. तिची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे सील त्याच मापाचं चालतं. शाफ्टचा व्यास चरीच्या बाहेरच्या, न झिजलेल्या जागी मायक्रोमीटरने तीन बाजूंनी मोजला आणि त्या मापाची स्लीव्ह मागवली. ती यायला काही दिवस लागले. मालकांचं काम अडलं होतं, तेवढ्यात सँडपेपरने शाफ्ट घासून सील बसवायचा मोह मला झाला होता. घासल्याने चर जात नाही, उलट शाफ्टवर तिरक्या रेघा उठतात आणि त्या रेघांतून तेल चढत बाहेर येतं.

स्लीव्ह चढवण्याआधी चर भरून निघेल इतकाच धातूचा फिलर लावला आणि तो ओला असतानाच स्लीव्ह सरळ रेषेत बसवली. सीलसाठी मी हातोडा थेट वापरत नाही. सीलच्या बाहेरच्या कडेएवढा पाइपचा तुकडा लेथवर सपाट करून घेतला आणि त्यावर हलके ठोके दिले. पहिल्या दुरुस्तीतलं सील माझ्याकडे जपून ठेवलेलं होतं. त्याच्या कडेवर एकाच बाजूला ठोक्यांच्या खुणा होत्या, म्हणजे ते तिरकं बसलं होतं. स्प्रिंगची बाजू तेलाकडे. दुहेरी ओठांच्या मधल्या जागेत ग्रीस, मुख्य ओठाला तेल. सुकं सील सुरुवातीलाच जळू शकतं. शाफ्टच्या स्प्लाइनवर चिकटपट्टी गुंडाळून मगच सील वरून नेलं, कारण त्या धारदार दातांनी ओठ कापला गेला तर बाहेरून काहीच कळत नाही.

वळणाऱ्या सांध्याचं मोठं सील कडक होऊन तडकलं होतं. तिथे सील, ओ-रिंग आणि बेअरिंग बदललं. शिम जुन्याच जागी परत गेले. बेअरिंग त्याच मापाची असल्यामुळे ते बरोबर यायला हवे होते, तरी गिअर हाताने पूर्ण फिरवून पाहिले. कुठे अडकतात का, कुठे सैल आहेत का. फिरणं एकसारखं होतं.

डब्याच्या जोडावर गास्केट नव्हतं, सीलंट होतं. जुनं खरवडून, दोन्ही बाजू पूर्ण कोरड्या करून पातळ धार लावली. जास्त लावलेलं सीलंट आत दाबलं जातं, त्याचे धागे तुटून तेलाच्या वाटा अडवतात. बोल्ट मॅन्युअलच्या टॉर्कने घट्ट केले आणि सीलंटला सुकायला पूर्ण रात्र दिली.

ब्रीदर नवा लावला, पण जुन्या जागी नाही. तिथे एक निप्पल बसवून रबरी नळी बॉनेटखाली उंचावर नेली आणि ब्रीदर तिच्या टोकाला लावला. चिखल आणि पाणी तिथवर पोहोचत नाही. माझ्या मते चिखलात चालणाऱ्या प्रत्येक लहान ट्रॅक्टरला हे करून घ्यायला हवं.

तेल भरताना घाई केली नाही. या ॲक्सलची मधली नळी अरुंद आहे. जाड तेल एका टोकाकडून दुसरीकडे हळूहळू सरकतं. भरताक्षणी पातळी मोजायची काठी पाहिली तर पातळी खोटी दिसते. तीन लिटर भरून पंधरा मिनिटं थांबलो, मग उरलेलं. दोन्ही बाजूंना स्टिअरिंग वळवून, थोडं चालवून, सपाटीवर पुन्हा पाहिलं. माप साडेचार लिटरला पूर्ण झालं.

पाण्याचा अंश उजव्या टोकात आणि डिफरन्शियलमध्ये राहिलेला असणारच होता. पाच तास चालवून ते तेल काढून टाकायचं आणि पुन्हा नवं भरायचं, असं मी सुचवलं. चांगलं तेल पाच तासांत फेकायचं हे मालकांना पटत नव्हतं. पाच तासांनी ते नवं तेल काढलं तेव्हा ते किंचित धुरकट होतं. ते पाहिल्यावर त्यांनी स्वतःच दुसरा डबा उघडला.

निष्पत्ती

दुसऱ्यांदा तेल बदलताना चाकाच्या नटांचा टॉर्कही पुन्हा तपासला, दोन नट थोडे फिरले. ५० तासांनी डावी बाजू कोरडी होती. १०० तासांनीही. पातळी तसूभर हलली नव्हती. मालकांनी डांबरी रस्त्यावर पुढची ड्राइव्ह सोडवायला सुरुवात केली. पूर्वी ॲक्सलच्या मधल्या भागाला हात लावता येत नसे, आता येतो, असं त्यांनी सांगितलं.

साधारण १६० तासांनी उजव्या वळणाऱ्या सांध्यावर ओलं कडं दिसलं.

वेगळं काय करता आलं असतं

उजव्या टोकाबद्दलचा माझा निर्णय मला आता अपुरा वाटतो. ब्रीदर मोकळा केल्याने दाबाचं कारण गेलं, पण तोवर उजव्या सीलनेही तोच दाब आणि तेच पाणी सोसलेलं होतं. कोरडं टोक पूर्ण उघडायला नको होतं, हे मत अजूनही बदललेलं नाही. पण ॲक्सल रिकामा असताना एक चाचणी करता आली असती: सगळे प्लग बंद करून ब्रीदरच्या भोकातून, गेज लावून, सायकलच्या पंपाने ०.२ बार एवढाच दाब द्यायचा आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवायचं. कमजोर सील तिथे बुडबुडे दाखवतं. कॉम्प्रेसर थेट लावायचा नाही, त्याने चांगली सीलही उडतात. ही चाचणी मी दुरुस्तीच्या आधीही करायला हवी होती. तिने वरची गळती पावडरीपेक्षा लवकर दाखवली असती, आणि उजवं सील त्याच खेपेत, तेल आधीच उतरवलेलं असताना बदलता आलं असतं.

दुसऱ्या खेपेची चूक तर सरळच आहे. चाक हलवून पाहणं, शाफ्टवर नख फिरवणं, ब्रीदर काढून फुंकर मारणं, तिन्ही मिळून दहा मिनिटांचं काम होतं. ते न केल्यामुळे मालकांचे साठ तास, एक चांगलं सील आणि कदाचित बेअरिंगही गेलं. बेअरिंगला पहिल्या खेपेपासून प्ले असेल की माझ्या सीलनंतर पाणी शिरून आला असेल, हे मला सांगता येत नाही, कारण मी तेव्हा पाहिलंच नाही. दुसऱ्या खेपेचे पैसे मी त्यांना परत केले.

तेलाच्या नोंदीबद्दल मालकांनी स्वतः एक गोष्ट सुरू केली आहे. भरण्याच्या प्लगजवळ रंगाने साडेचारचा आकडा लिहिला आहे, आणि टूलबॉक्सच्या झाकणावर आतून कागद चिकटवून प्रत्येक वेळी भरलेल्या तेलाचं माप आणि मीटरचे तास लिहितात. उजव्या टोकाची सील, ओ-रिंग आणि त्या मापाची एक स्लीव्ह मागवून ठेवली आहे. शाफ्टला नख अडकलं नाही तर स्लीव्ह डब्यातच राहील. गवताचा हंगाम आटोपला की चाक काढायचं ठरलं आहे.